यूरॅकसचा कॅन्सर: एका पेशंटचं ऑपरेशन आणि पुढची तीन वर्षं

पार्श्वभूमी

पेशंट ४४ वर्षांच्या बाई, इथे त्यांना ताई म्हणूया. ओळख पटू नये म्हणून घरचे तपशील बदललेत, मेडिकल भाग जसा घडला तसाच ठेवलाय. मी त्यांच्यावर ऑपरेशन करणाऱ्या युरोलॉजी टीममध्ये होतो. हे लिहायचं कारण एवढंच की यूरॅकसचा, म्हणजे बेंबी आणि मूत्राशय यांना जोडणाऱ्या दोरीचा, हा कॅन्सर इतका कमी दिसतो की बऱ्याच डॉक्टरांनी प्रॅक्टिसमध्ये एकही केस पाहिलेली नसते, आणि पेशंटच्या घरच्यांना तर कुणाला विचारायचं हेच कळत नाही.

ताईंना तंबाखू, सिगारेट काही नाही, बीपी शुगर नाही. आधी दोन सिझेरियन झालेले. एक दिवस लघवी लालसर झाली, दुखलं बिखलं काही नाही, दुसऱ्या दिवशी आपोआप साफ. लघवीच्या तपासणीत थोडे पस सेल निघाले म्हणून अँटिबायोटिक दिलं गेलं आणि विषय संपला. दोन महिन्यांनी परत तेच, परत अँटिबायोटिक, यावेळी कल्चर केलं तर त्यात काहीच उगवलं नाही, पण "गोळ्या चालू असताना कल्चर कोरं येतं" असं म्हणून तेही बाजूला पडलं. तिसऱ्यांदा मात्र लघवीत अंड्याच्या पांढऱ्यासारखे चिकट धागे दिसायला लागले आणि ताईंनी स्वतःच ते एका स्वच्छ बाटलीत धरून डॉक्टरांना नेऊन दाखवले. त्या बाटलीमुळे सोनोग्राफी झाली. पहिल्यांदा रक्त दिसल्यापासून सोनोग्राफीपर्यंत सात महिने गेले होते.

सोनोग्राफीत मूत्राशयाच्या वरच्या टोकाला, ज्याला आम्ही डोम म्हणतो, तिथे साडेतीन सेंटिमीटरची गाठ दिसली. मग एका ठिकाणी दुर्बिणीतून टीयूआरबीटी झाली म्हणजे मूत्राशयाच्या आतून गाठ खरवडून तुकडे तपासायला पाठवले. रिपोर्ट आला म्युसिनस अ‍ॅडिनोकार्सिनोमा, म्हणजे चिकट द्रव बनवणारा ग्रंथीचा कॅन्सर, मूत्राशयाच्या स्नायूच्या थरात शिरलेला. तिथे त्यांना दोन वेगवेगळी मतं मिळाली. एकाचं मत, गाठ छोटी आहे, लॅप्रोस्कोपीने तेवढा भाग काढून टाकू. दुसऱ्याचं मत, स्नायूत गेलाय म्हणजे पूर्ण मूत्राशय काढून बाहेर पिशवी लावावी लागेल. ही दोन टोकं ऐकून घरचे पूर्ण गोंधळले आणि तिसरं मत घ्यायला आमच्याकडे आले.

यूरॅकस म्हणजे काय

हे थोडक्यात सांगतो कारण पुढचे सगळे निर्णय यावरच उभे आहेत. बाळ पोटात असताना मूत्राशय आणि बेंबी यांना जोडणारी एक नळी असते, तिला यूरॅकस म्हणतात. जन्माच्या सुमाराला ती बंद होऊन तिची दोरी होते, पण बऱ्याच मोठ्या माणसांमध्ये त्या दोरीत आतल्या अस्तराचे सूक्ष्म अवशेष राहतात, आणि क्वचित त्यातून कॅन्सर होतो. मूत्राशयाच्या सगळ्या कॅन्सरमध्ये याचं प्रमाण १ टक्क्याहून कमी. मूत्राशयाचा नेहमीचा कॅन्सर आतल्या अस्तरातून उगवतो, म्हणजे युरोथेलियल प्रकारचा, आणि यूरॅकसचा कॅन्सर साधारण ९० टक्के वेळा अ‍ॅडिनोकार्सिनोमा असतो, म्हणजे ग्रंथीचा, वागायला बराचसा आतड्याच्या कॅन्सरसारखा, त्यातही चिकट म्युसिन बनवणारा जास्त.

मुख्य गोष्ट अशी की हा मूत्राशयाच्या बाहेरून सुरू होतो. दोरीत किंवा भिंतीच्या जाडीत वाढतो, पोटाच्या पुढच्या भिंतीमागच्या मोकळ्या जागेत पसरायला त्याला भरपूर वाव असतो, आणि अस्तर फोडून आत आला की तेव्हा कुठे रक्त दिसतं. म्हणून पहिलं लक्षण दिसेपर्यंत तो बऱ्यापैकी पुढे गेलेला असतो. आणि म्हणूनच दुर्बिणीतून जे दिसतं ते फक्त टोक असतं, मुख्य ऐवज बाहेर.

अडचण नेमकी काय होती

ताई आल्या तेव्हा घरच्यांची एकच घाई होती, लवकरात लवकर ऑपरेशन. त्यांचे भाऊ म्हणाले, "डॉक्टर, उद्या करता आलं तर उद्या करा, खर्चाचं आम्ही बघतो." समजण्यासारखं आहे. पण आमच्यासमोर तीन प्रश्न उभे होते आणि त्यांची उत्तरं मिळाल्याशिवाय सुरी हातात घेणं बरोबर नव्हतं.

पहिला, हा खरंच यूरॅकसचा आहे का? मूत्राशयात अ‍ॅडिनोकार्सिनोमा सापडला की तो दुसरीकडून आलेला असण्याची शक्यता आधी तपासावी लागते, मोठं आतडं, जठर, बायकांमध्ये ओव्हरी, गर्भाशय. मायक्रोस्कोपखाली आतड्याचा कॅन्सर आणि हा इतके सारखे दिसतात की नुसत्या तुकड्यावरून सांगणं अवघड. दुसरा, किती पसरलाय? तिसरा, ऑपरेशन केलं तर किती काढायचं?

दुर्बीण आम्ही परत टाकली, फक्त बघायला. डोमवर आधीच्या खरवडण्याची जखम होती आणि तिच्या बाजूला लाल, उंचवट्यासारखा भाग. ज्युनिअरला सांगितलं की बाहेरून ओटीपोटावर हळू दाब दे, आणि त्याने दाबल्याबरोबर त्या उंचवट्याच्या मधून पारदर्शक चिकट द्रव झिरपत आत आला. पुस्तकात वाचलेली खूण डोळ्यासमोर दिसली. बाकीचं मूत्राशय एकदम निरोगी होतं, दोन्ही युरेटरची (किडनीतून लघवी आणणाऱ्या नळ्यांची) तोंडं गाठीपासून लांब आणि स्वच्छ. हे महत्त्वाचं, कारण सगळं मूत्राशय खराब असतं तर पुढचा विचारच वेगळा झाला असता.

सीटी स्कॅनमध्ये गाठ ४.२ सेंटिमीटरची, बरोबर मधोमध, मूत्राशयाच्या आत थोडी आणि बाहेर जास्त, कडेला कॅल्शियमचे ठिपके. यूरॅकसच्या कॅन्सरमध्ये निम्म्याहून जास्त वेळा असे कॅल्शियमचे ठिपके दिसतात, आणि मधोमध डोमवर असलेल्या गाठीत ते दिसले की संशय एकदम पक्का होतो. गाठीपासून बेंबीकडे जाणारी दोरी जाडसर दिसत होती. फुप्फुसं, लिव्हर स्वच्छ, लिम्फ नोड (लसिका ग्रंथी, जिथे कॅन्सर आधी पसरतो) मोठे नाहीत.

पॅथॉलॉजीच्या स्लाइड्स परत मागवून आमच्या पॅथॉलॉजिस्टना दाखवल्या. पेशींमधली प्रथिनं रंगवून बघितली: सीके२० आणि सीडीएक्स२ पॉझिटिव्ह, गाटा३ निगेटिव्ह, म्हणजे नेहमीचा युरोथेलियल नाही. बीटा कॅटेनिन हे आणखी एक प्रथिन पेशीच्या कडेला होतं, न्यूक्लियसमध्ये नव्हतं, हे आतड्यापेक्षा यूरॅकसच्या बाजूने जातं, अगदी शंभर टक्के पुरावा नाही पण वजन त्या बाजूला. कोलोनोस्कोपी आणि एंडोस्कोपी नॉर्मल, स्त्रीरोग तपासणी नॉर्मल. रक्तात सीईए, म्हणजे अशा कॅन्सरमध्ये वाढू शकणारं एक प्रथिन, १८, तो पाचच्या आत असायला हवा.

या सगळ्यात दोन आठवडे गेले. घरच्यांना ते फार जड गेले, रोज फोन. पण माझं मत ठाम आहे, या कॅन्सरमध्ये पहिलं ऑपरेशन हीच सगळ्यात मोठी संधी असते आणि दोन आठवडे उशीर झाल्याने जे नुकसान होईल त्याच्या कितीतरी पट नुकसान चुकीच्या मापाचं ऑपरेशन घाईने केल्याने होतं.

समोरचे पर्याय

दुर्बिणीतूनच आणखी खोल खरवडून लक्ष ठेवणं हा पर्याय पहिल्याच मिनिटाला बाद झाला. गाठ बाहेर आहे, आतून खरवडून ती निघूच शकत नाही, उलट भिंत फाटली तर कॅन्सरच्या पेशी पोटात सांडतात.

लॅप्रोस्कोपीने गाठ आणि मूत्राशयाचा छोटा तुकडा काढून बेंबी ठेवणं, हे घरच्यांना सगळ्यात आवडलेलं, कारण लहान टाके, लवकर घरी. यात अडचण दुर्बिणीची नाही. लॅप्रोस्कोपी किंवा रोबोटने पूर्ण ऑपरेशन नीट करता येतं, करणारे करतात. अडचण "तेवढाच भाग" काढण्यात आहे. दोरी मध्येच कापली की वरच्या अर्ध्या भागात काय राहिलं ते कुणालाच माहीत नसतं. अमेरिकेतल्या मोठ्या कॅन्सर सेंटरनी आपापल्या पेशंटचे जुने रेकॉर्ड तपासून जे लिहिलंय त्यात हा मुद्दा परत परत येतो, दीर्घकाळ जगलेल्या पेशंटमध्ये बहुतेकांचं यूरॅकस बेंबीसकट एकसंध काढलेलं होतं आणि कडा स्वच्छ होत्या, म्हणजे कापलेल्या कडेला कॅन्सर नव्हता.

पूर्ण मूत्राशय काढणं. स्नायूत शिरलेल्या नेहमीच्या कॅन्सरला हे बरोबर, कारण तिथे सगळंच अस्तर धोक्यात असतं. यूरॅकसच्या कॅन्सरमध्ये बाकीचं अस्तर निरोगी असतं, आणि पूर्ण मूत्राशय काढल्याने पेशंट जास्त जगतात असं पेशंटच्या कुठल्याच मोठ्या अभ्यासात दिसलेलं नाही. गाठ फार मोठी असेल, युरेटरच्या तोंडापर्यंत आली असेल, किंवा अर्धवट काढून स्वच्छ कडा मिळणारच नसतील तर वेगळं. ताईंचं तसं काही नव्हतं.

आधी केमो हा पर्याय गाठ काढता येत नसेल किंवा पसरलेली असेल तर. इथे गरज नव्हती.

राहिला तो पर्याय असा: बेंबी, तिच्यामागची पूर्ण दोरी, आजूबाजूची चरबी, पोटाच्या स्नायूमागचं आवरण आणि पेरिटोनियमचा (पोटाच्या पोकळीच्या आतल्या पातळ अस्तराचा) पट्टा, आणि खाली मूत्राशयाचा डोम, हे सगळं एकाच तुकड्यात, मध्ये कुठेही न कापता. सोबत ओटीपोटाच्या दोन्ही बाजूंचे लिम्फ नोड. नोड काढल्याने आयुष्य वाढतं असं ठामपणे सिद्ध झालेलं नाही, पण नोडमध्ये कॅन्सर आहे की नाही यावर पुढचं बरंच काही ठरतं, म्हणून आम्ही ते करतो.

ओपन करायचं ठरलं. आधीची दोन सिझेरियन, म्हणजे मूत्राशयापुढची जागा चिकटलेली असणार, आणि म्युसिनने भरलेली गाठ फुटून पोटात सांडली तर ती पेरिटोनियमवर पसरू शकते. आमच्या हातात ओपन जास्त सुरक्षित वाटलं. दुसऱ्या टीमने रोबोट निवडला असता तरी मी चूक म्हणणार नाही.

ताईंशी झालेलं बोलणं

आदल्या दिवशी भाऊ मला बाहेर भेटले. "ताईला एवढं सगळं सांगू नका, गाठ काढायचीय एवढंच सांगा." मी म्हटलं, कॅन्सर हा शब्द मी माझ्या तोंडून त्यांच्यावर लादणार नाही, पण त्यांनी विचारलं तर खोटंही बोलणार नाही.

ताईंनी विचारलंच. आणि पहिला प्रश्न कॅन्सरचा नव्हता. "डॉक्टर, आजार लघवीच्या जागी आहे तर बेंबी कशाला काढायची?" मी कागदावर चित्र काढलं, वर बेंबी, खाली मूत्राशय, मध्ये दोरी, आणि त्या दोरीभोवती पूर्ण एक लांबट गोल काढून सांगितलं की हे सगळं मिळून एक आहे, आम्हाला दिसतं ते खालचं टोक. त्यांनी बराच वेळ बघितलं, म्हणाल्या, "मग काढा. अर्धं ठेवून मला झोप लागणार नाही." मग म्हणाल्या, "आता खरं सांगा, किती दिवस?"

मी त्यांना सांगितलं ते असं. सगळ्या स्टेजचे पेशंट एकत्र धरले तर पाच वर्षांनी साधारण निम्मे जिवंत असतात. पण हा सरसकट आकडा आहे, त्यात पसरलेले, उशिरा आलेले, अर्धवट ऑपरेशन झालेले सगळे आले. कॅन्सर जागेवरच असेल आणि कडा स्वच्छ आल्या तर आकडा बराच वर जातो. नोडमध्ये किंवा लांब गेला असेल तर एकदम खाली येतो, लांब पसरलेल्यांमध्ये साधारण एक ते दोन वर्षं. तुम्ही यातल्या कुठल्या गटात हे ऑपरेशननंतरचा रिपोर्ट आल्यावर जास्त नीट सांगता येईल. एकच नंबर सांगून मोकळं होण्यापेक्षा कशावर तो अवलंबून आहे हे सांगितलेलं पेशंटला पेलतं असा माझा अनुभव आहे. त्यांचे मिस्टर शेजारी बसून होते, ते रडले. ताई नाही रडल्या, त्यांनी विचारलं कॅथेटर किती दिवस राहील.

ऑपरेशन

बेंबीभोवती लांबट गोल छेद घेऊन खाली मधोमध उघडलं. बेंबीला वरून सोडवून तिला धरून खाली खाली येत गेलो, दोन्ही बाजूंना ज्या बंद झालेल्या रक्तवाहिन्यांच्या दोऱ्या असतात त्यांना हद्द मानून मधला सगळा पट्टा पेरिटोनियमसकट खाली आणला. सिझेरियनच्या जागी अपेक्षेप्रमाणे चिकटलेलं होतं, तिथे वेळ लागला.

मूत्राशय उघडायच्या आधी एकाने खालून दुर्बीण आत टाकली, ऑपरेशन थिएटरमधले दिवे मंद केले, आणि दुर्बिणीचा उजेड भिंतीतून बाहेर दिसत होता त्यावरून गाठीच्या कडेपासून दोन सेंटिमीटर सोडून बाहेरून खूण केली. हे अंदाजाने करू नये असं मला वाटतं, बाहेरून हाताला लागणारी गाठ आणि आतून दिसणारी कड यात बराच फरक पडतो. मग मूत्राशय पूर्ण रिकामं करून, भोवती पॅड लावून, खुणेवरून उघडलं, म्हणजे लघवी आणि म्युसिन पोटात जाणार नाही.

तुकडा एकसंध निघाला. कडांचे नमुने लगेच फ्रोझन सेक्शनला, म्हणजे ऑपरेशन चालू असतानाच गोठवून तपासायला, पाठवले, आणि इथे खरा निर्णयाचा क्षण आला. मागची आणि उजवी कड स्वच्छ, डाव्या कडेला पॅथॉलॉजिस्टचा फोन, "पेशी दिसत नाहीत, पण थोडं म्युसिन आहे." पेशी नाहीत म्हणजे स्वच्छ धरायचं की नाही? आणखी कापलं तर मूत्राशय अजून लहान होणार, डावीकडचं युरेटरचं तोंड जवळ येणार. आम्ही आणखी एक सेंटिमीटर घेतलं. नवीन कड पूर्ण स्वच्छ आली आणि युरेटरपासून पुरेसं अंतरही राहिलं. कडेला कॅन्सर राहणं या आजारात जगण्यावर सगळ्यात वाईट परिणाम करणाऱ्या गोष्टींपैकी आहे, आणि मूत्राशय लहान झालं तर ते हळूहळू ताणून मोठं होतं, हा हिशोब डोक्यात स्पष्ट होता.

मूत्राशय विरघळणाऱ्या टाक्यांनी दोन थरांत शिवलं, दोन्ही बाजूंचे नोड काढले, ड्रेन आणि कॅथेटर ठेवून बंद केलं. बाराव्या दिवशी सिस्टोग्राम (मूत्राशयात औषध भरून एक्सरे) केला, कुठे गळती नाही, कॅथेटर काढला.

सुरुवातीचे आठवडे ताईंना दर तासाला बाथरूमला जावं लागायचं, मूत्राशयात जेमतेम दीडशे मिली मावत होतं. रात्री चार पाच वेळा उठणं. याचा त्यांना सगळ्यात जास्त त्रास झाला, टाक्यांपेक्षाही. सहा महिन्यांत क्षमता तीनशेच्या वर गेली आणि रात्रीचं उठणं एकदावर आलं.

रिपोर्ट आणि केमोचा प्रश्न

फायनल रिपोर्ट: म्युसिनस अ‍ॅडिनोकार्सिनोमा, ४.४ सेंटिमीटर, मूत्राशयाचा स्नायू पार करून बाहेरच्या चरबीत गेलेला, बेंबीचं टोक स्वच्छ, सगळ्या कडा स्वच्छ, १६ नोड काढले त्यात एकातही नाही.

स्टेजिंगच्या दोन पद्धती वापरात आहेत. १९८४ ची शेल्डन पद्धत जुनी आणि बारीक उपभागांची, तिच्यात ताई तीन ए, म्हणजे मूत्राशयापर्यंत स्थानिक पसरलेला. शेल्डनची गंमत अशी की बहुतेक पेशंट तीन एमध्येच पडतात, मग त्यावरून एकमेकांत फरक करता येत नाही. २००६ ची मेयो पद्धत सोपी: यूरॅकस आणि मूत्राशयातच असेल तर एक, स्नायूच्या थराबाहेर गेला तर दोन, जवळच्या नोडमध्ये तीन, लांब चार. ताई दोनमध्ये. घरच्यांनी एका कागदावर "तीन" आणि दुसऱ्यावर "दोन" वाचून मोठी घबराट केली होती, म्हणून कुणाच्याही रिपोर्टवर स्टेज लिहिलेली दिसली की आधी कुठल्या पद्धतीची ते विचारा.

मग ट्यूमर बोर्डवर, म्हणजे वेगवेगळ्या डॉक्टरांच्या एकत्र बैठकीत, प्रश्न आला, आता केमो द्यायची का? यूरॅकसच्या कॅन्सरसाठी ऑपरेशननंतरच्या केमोने फायदा होतो हे दाखवणारी रँडमाइज्ड ट्रायल (चिठ्ठी टाकून पेशंटचे दोन गट करून केलेली तुलना) नाही. आजारच इतका दुर्मिळ की तेवढे पेशंट एका वेळी जमवणं फार कठीण. जे वापरलं जातं ते आतड्याच्या कॅन्सरवरून उचललेलं, ५-एफयू आणि ऑक्सॅलिप्लॅटिन, किंवा सिस्प्लॅटिनची जोड असलेलं. एका ऑन्कोलॉजिस्टचं म्हणणं होतं की चरबीत गेलाय, सीईए वाढलेला होता, देऊन टाकू. दुसऱ्यांचं म्हणणं, कडा स्वच्छ, नोड स्वच्छ, आणि पेशंटला कायमच्या बधिर बोटांची किंमत अशा औषधासाठी द्यायला लावतोय ज्याचा फायदा माहीत नाही. ताईंसमोर दोन्ही बाजू ठेवल्या, त्यांनी थांबायचं निवडलं. ऑपरेशननंतर सीईए २.१ वर आला, त्याने सगळ्यांनाच धीर आला.

फॉलोअप ठरवला: पहिली दोन वर्षं दर तीन महिन्यांनी सीईए, दर चार ते सहा महिन्यांनी छाती आणि पोटाचा सीटी, दर सहा महिन्यांनी दुर्बीण. पहिल्या दोन वर्षांवर भर, कारण परत येणारे बहुतेक तेव्हाच येतात, मूत्राशयात, ओटीपोटात, फुप्फुसात, हाडात, लिव्हरमध्ये.

पुढे काय झालं

वीस महिन्यांनी सीईए ७ झाला. सीटीत उजव्या फुप्फुसाच्या खालच्या भागात १.१ सेंटिमीटरचा एकच ठिपका, आधीच्या सीटीत तो नव्हता. पेट स्कॅनमध्ये, जिथे कॅन्सर सहसा चमकतो, तो फारसा चमकला नाही आणि घरचे खूश झाले, पण म्युसिनने भरलेले कॅन्सर पेटमध्ये फिके दिसू शकतात, त्यामुळे त्या शांत पेटवर आम्ही विसंबलो नाही. सीईए चढतोय आणि नवीन ठिपका आहे, हे दोन्ही एकत्र असताना पेटचं ऐकायचं नाही.

बाकी शरीर स्वच्छ आणि ठिपका एकच, म्हणून थोरॅसिक सर्जनने छातीत दुर्बीण टाकून तेवढा भाग काढला. रिपोर्ट तोच, म्युसिनस अ‍ॅडिनोकार्सिनोमा. आता मात्र केमोबद्दल दुमत नव्हतं, मॉडिफाइड फोलफॉक्स ६ (५-एफयू आणि ऑक्सॅलिप्लॅटिन असलेली केमो), सहा महिने. ताईंना फ्रिजमधली वस्तू हातात घेतली की बोटांना करंट बसायचा, शेवटच्या दोन सायकलमध्ये शर्टाची बटणं लावता येईनात म्हणून ऑक्सॅलिप्लॅटिन थांबवून बाकीचं पूर्ण केलं. तळपायाची बधिरता अजून थोडी आहे.

पहिल्या ऑपरेशनला आता तीन वर्षं चार महिने झाले. केमो संपून एक वर्ष. मूत्राशय आणि ओटीपोट पहिल्यापासून एकदम स्वच्छ, सीईए नॉर्मल, सीटी स्वच्छ. त्या कामावर जातात. बरं झालं असं मी म्हणत नाही आणि त्याही म्हणत नाहीत. चौथ्या स्टेजला गेलेले पण एकच डाग असलेले आणि तो पूर्ण काढता आलेले थोडे पेशंट बरीच वर्षं जगलेत एवढं नक्की आहे, आणि ताई सध्या त्या वाटेवर आहेत.

काय वेगळं करता आलं असतं

सगळ्यात आधी ते सात महिने. चाळिशी ओलांडलेल्या माणसाला न दुखता रक्ताची लघवी झाली, तर एकदाच झाली असली आणि आपोआप थांबली असली तरी सोनोग्राफी आणि दुर्बीण व्हायला हवी. बायकांमध्ये हे रक्त इन्फेक्शनच्या खात्यात टाकलं जातं आणि मूत्राशयाचे सगळेच कॅन्सर त्यांच्यात उशिरा सापडतात, हे परत परत दिसतं आणि प्रत्येक वेळी वाईट वाटतं. कल्चर कोरं आलं तिथे तरी थांबून विचार व्हायला हवा होता. सात महिने आधी सापडला असता तर चरबीत पोचला नसता का, फुप्फुसात गेला नसता का, हे आता कुणी सांगू शकत नाही, पण शक्यता तर होतीच.

दुसरं, डोमवर मधोमध गाठ दिसली की आधी सीटी, मग दुर्बीण. खरवडल्यानंतर भोवती सूज येते आणि सीटीत कॅन्सर कुठे संपतो, सूज कुठे सुरू होते ते धूसर होतं. शिवाय यूरॅकसचा संशय आधीच असला तर नुसता छोटा तुकडा घेऊन थांबता येतं, खोल खरवडायची गरजच नाही.

तिसरा प्रश्न जास्त अवघड, पहिल्यांदाच केमो दिली असती तर फुप्फुसातलं टळलं असतं का? मी यावर बराच विचार केलाय. सीईए सुरुवातीला १८ होता आणि गाठ चरबीत गेली होती, आज असाच पेशंट आला तर मी बोर्डवर केमोच्या बाजूने थोडं जास्त जोर लावून बोलेन, पण तरी निर्णय पेशंटचाच राहील, कारण ताईंची बोटं बधिर झाली ती त्याच औषधाने आणि पहिल्या वेळी ती दिली असती तर दुसऱ्या वेळी हातात काय उरलं असतं हाही प्रश्न आहेच.

चौथं, पोटाच्या भिंतीचा विचार. बेंबी आणि मागचं आवरण काढल्यावर तिथे हर्नियाचा धोका असतो. ताईंना लहानसा फुगवटा आलाय, दुखत नाही, सध्या पट्टा लावून लक्ष ठेवलंय. सुरुवातीलाच प्लास्टिक सर्जनला बोलावून बंद करताना जास्त मजबुती देता आली असती का यावर आमच्यातच दोन मतं आहेत, काहींना कॅन्सरच्या ऑपरेशनात आणि मूत्राशय उघडलेलं असताना जाळी टाकायला नको वाटतं, इन्फेक्शनच्या भीतीने, आणि ती भीती खोटी नाही.

फॉलोअप कधी सैल करायचा हे अजून ठरलेलं नाही. ऑन्कोलॉजिस्टना सीटी वर्षातून दोनदा पुरेसा वाटतो, मला फुप्फुसाच्या ऑपरेशनपासून दोन वर्षं तरी दर चार महिन्यांनी हवाय, आणि ताईंचं म्हणणं आहे की सीईए दर तीन महिन्यांनी करा, बाकी तुम्ही दोघं ठरवा. पुढच्या भेटीला दोघं डॉक्टर एकत्र बसून हे नक्की करणार आहोत.